कंपनी फिटेड

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती कधी चाळल्या असतील, तर 'कंपनी फिटेड' हे दोन शब्द तुमच्या नजरेखालून गेलेच असतील. कंपनी फिटेड सीएनजी, कंपनी फिटेड एसी, कंपनी फिटेड म्युझिक सिस्टिम. कंपनीने बसवलं ते अस्सल आणि बाहेरून बसवलं तो जुगाड, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सीएनजीच्या बाबतीत ती बरोबरच असावी, तिथे जिवाचा प्रश्न आहे. पण गाडीतल्या गाण्यांचा इतिहास बघितला तर गोष्ट नेमकी उलटी निघते. गाडीत आवाज आणला तो बाहेरच्या लोकांनी. गाड्यांच्या कंपन्या मागाहून आल्या आणि आता त्या खोलीचं दार आतून लावून बसल्या आहेत.

या विषयात मी शिरले त्याला कारण घरची १९८४ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली, बाबांनी चालवलेली आणि मग सासवडच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं झाकून ठेवलेली. इंजिन चालू करणं फारसं अवघड गेलं नाही. अडलं ते डॅशबोर्डवरच्या एका भोकापाशी. त्या भोकात काय बसवायचं यावर आमच्या घरात तीन मतं होती आणि प्रत्येकाला आपलंच मत 'ओरिजिनल' वाटत होतं. त्या वादाकडे येतेच, पण आधी थोडं मागे जाऊ.

१९३० साली शिकागोत पॉल आणि जोसेफ गॅल्व्हिन या दोन भावांचा छोटा कारखाना होता. घरचे रेडिओ बॅटरीऐवजी विजेच्या प्लगवर चालावेत म्हणून लागणारी उपकरणं ते बनवत. पण थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येऊ लागले, वर मंदी आली, आणि धंदा बसायला लागला. तेव्हा पॉलने ठरवलं की गाडीत बसेल असा रेडिओ करायचा. त्या वर्षी अटलांटिक सिटीत रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन होतं. तिथे स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. पॉलने स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, गाडी अधिवेशनाच्या दाराशी उभी केली आणि आवाज मोठा केला. ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओला नाव दिलं मोटोरोला. 'मोटर' आणि त्या काळच्या ग्रामोफोनांच्या नावांतला 'ओला' यांची सरळ जोडणी. तुमच्या आईबाबांकडे एके काळी असलेला मोटोरोलाचा फोन मूळचा या गाडीतल्या रेडिओच्या घरातला.

किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास. फोर्डची अख्खी नवी मॉडेल ए गाडी तेव्हा पाच-सहाशे डॉलरला मिळत होती. शिवाय तो बसवणं म्हणजे एक प्रकरणच होतं. रेडिओची पेटी एकीकडे, स्पीकर दुसरीकडे, त्याच्या बॅटऱ्या गाडीच्या तळाखाली आणि अँटेना छताच्या कापडाआड शिवलेली. दोन माणसांचं काही दिवसांचं काम. एका बँकवाल्याला खूश करायला त्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली, असाही एक किस्सा गॅल्व्हिनबद्दल सांगतात. खरा-खोटा असेल, पण आमच्या नाना पेठेतल्या वायरमन काकांना तो सांगितल्यावर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "फ्यूज लावला नसणार," एवढंच म्हणाले.

मला या काळातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खरखर. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक प्लगमध्ये सेकंदाला कित्येकदा ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे काय? जगातले सुरुवातीचे बिनतारी संदेश अशाच ठिणग्या पाडून पाठवले जायचे. म्हणजे चार सिलिंडरची गाडी ही चार छोटी, बेशिस्त रेडिओ स्टेशनं पोटात घेऊन फिरत असते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर तुम्ही शेकडो मैलांवरचं नाजूक स्टेशन पकडायला बसलेले असता. त्यामुळे सुरुवातीच्या फिटरचा निम्मा वेळ रेडिओवर जायचाच नाही, तो इंजिनावर जायचा. प्लगच्या वायरीत रेझिस्टर घाल, डिस्ट्रिब्यूटरला कंडेन्सर लाव, बॉनेटपासून चॅसीपर्यंत अर्थिंगच्या पट्ट्या मार. गाडी आधी गप्प करायची, मग रेडिओ बोलता करायचा.

दुसरी अडचण व्होल्टची. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची. आधी वेगळ्या बॅटऱ्या ठेवून भागवलं, मग व्हायब्रेटर आला. एका डबीत पोलादाची पातळ जीभ सेकंदाला शंभराच्या वर वेळा थरथरायची आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायची. ट्रान्सफॉर्मर त्याचे दोनशे व्होल्ट करायचा. जुन्या गाडीचा रेडिओ लावला की गाणं यायच्या आधी भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा, तो या जिभेचा. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा जो पहिला गाडीचा रेडिओ आला त्याचं वजन १५ किलोच्या घरात होतं. हे वजन उतरवलं ट्रान्झिस्टरने. क्रायस्लरने १९५५ साली फिल्कोकडून पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ करून घेतला. १२ व्होल्टवर थेट चालणारा. त्याच सुमाराला याच क्रायस्लरने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला होता. 'हायवे हाय-फाय' नावाचा, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा, एका बाजूला पाऊण तासाहून जास्त चालणाऱ्या खास रेकॉर्डींचा. खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नकोच. तो टिकला नाही.

आता आपल्याकडे. पद्मिनीचं मूळ इटलीतल्या फियाट ११००मध्ये. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात बनवली. १९७०च्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तुम्हाला ती माहीत आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वयाची २० वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून उतरली. पण खासगी गाडी म्हणून ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आणि नंबर लागल्यावर हाती येणाऱ्या गाडीत, आमच्या तरी, रेडिओ नव्हता. ताबा घेतला की गाडी सरळ वायरमनकडे. पुण्यात असाल तर नाना पेठेत. सीट कव्हर, मॅटिंग, हॉर्न आणि रेडिओ हे सगळं एकाच गल्लीत व्हायचं.

आजच्या वाचकाला खरं वाटणार नाही, पण रेडिओ बाळगायला तेव्हा सरकारी परवाना लागायचा. पोस्टातून काढायचा, दर वर्षी पैसे भरून नूतनीकरण करायचं आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत आजोबांची ती पुस्तिका सापडली. आरसी बुक, विमा, पीयूसीच्या चिठ्ठ्या आणि त्यात ही. आजोबा सहकारी संस्थेत हिशेबनीस होते, ते शिक्का चुकवणं शक्यच नव्हतं.

आजोबांचा रेडिओ पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला मिळाला. दोन बाजूंना दोन खुंट्या, मधे तबकडी, तबकडीखाली पाच बटणं. फक्त मीडियम वेव्ह. स्पीकर एकच, म्हणजे स्टिरिओचा प्रश्नच नाही. या पाच बटणांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते गाडीच्या रेडिओत कुणी काही सुंदर बनवलं असेल तर ते हे.

घरच्या जुन्या रेडिओत स्टेशन बदलताना धातूच्या पात्यांचा एक जुडगा दुसऱ्या जुडग्यात सरकतो. गाडीत हे चालत नाही, हादऱ्याने पाती थरथरतात आणि स्टेशन हलतं. म्हणून गाडीच्या रेडिओत तारेची वेटोळी स्थिर ठेवली आणि त्यांच्या पोटात फेराइटच्या बारीक कांड्या आत-बाहेर सरकवल्या. बटण दाबलं की एक दांडा या सगळ्या कांड्यांना ठरलेल्या जागी ढकलतो, काटा सरकतो आणि स्टेशन लागतं. आता ती 'ठरलेली जागा' कशी ठरवायची? आधी खुंटी फिरवून हवं ते स्टेशन लावायचं. मग बटण बाहेर ओढायचं. त्याने आतली पकड सुटते. मग बटण पूर्ण आत दाबायचं. पकड त्या जागेवर घट्ट बसते. झालं. ना बॅटरी लागत, ना चिप. लोखंडाने लक्षात ठेवलेली गोष्ट आहे ती.

म्हणजे हा रेडिओ १९९४ साली गाडीतून काढला, पोटमाळ्यावर टाकला आणि नंतर त्याला एकदाही वीज मिळाली नाही, तरी पाचही बटणांना आजोबांनी सांगितलेलं सगळं पाठ होतं. मी टेबलावर ठेवून, वायर न जोडताच, पहिलं बटण दाबलं. काटा सरकला आणि ८०च्या किंचित अलीकडे थांबला. ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे. सासवडहून दिवे घाट उतरून पुण्याला येताना सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या, हा आजोबांचा नेम होता. आजोबा २००६ साली गेले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. त्यांचा आवाज मला आठवत नाही. पण ते कुठे थांबायचे ते त्या काट्याला माहीत आहे.

आता १९९४बद्दल. बाबा तेव्हा पंचविशीचे आणि घरात कॅसेटींचा ढीग. फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणली, पण आपल्याकडे तिचा खरा पूर आला १९८०च्या दशकात. आयातीवरची बंधनं सैल झाली, देशात कॅसेटी बनू लागल्या आणि रेकॉर्डच्या किमतीच्या अंशात गाणी मिळू लागली. भजनी मंडळांपासून लोकगीतांपर्यंत ज्यांना मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी कधी दारात उभं केलं नसतं त्यांच्या कॅसेटी जत्रेत विकल्या जाऊ लागल्या. एसटी स्टँडच्या बाहेर, टपऱ्यांवर, ट्रकमध्ये. त्या काळात रस्त्यावर कुणी काय ऐकायचं हे पहिल्यांदाच आकाशवाणीच्या हातातून सुटलं. तेव्हा बाबांना टेप हवा होता यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अडचण भोकाची होती. आजोबांचा रेडिओ जुन्या पद्धतीचा, दोन खुंट्यांचा: पत्र्यात दोन गोल भोकं आणि मधे अरुंद चौकोन. नवे टेप आले ते 'सिंगल डिन' मापाचे, १८० मिलीमीटर रुंद आणि ५० मिलीमीटर उंच. हे माप जर्मन प्रमाणसंस्थेचं, पुढे आंतरराष्ट्रीय झालं. जुन्या गाडीत नवा टेप बसवायचा तर खुंट्यांच्या भोकांमधला पत्रा कापून आयत करावा लागे. बाबांनी तो कापून घेतला. आजी सांगते, आजोबा चार दिवस बाबांशी बोलले नाहीत. रेडिओ काढला याचा राग कमी होता, पत्रा कापला याचा जास्त. कापलेला पत्रा परत येत नाही.

पण त्या आयताकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले आहे. गाड्या शेकडो, टेप बनवणारे डझनावारी आणि सगळ्यांना एकच भोक. म्हणजे तुम्ही कुठल्याही गाडीत कुठलाही टेप लावू शकत होता. नाही आवडला, काढा. पैसे आले, चांगला लावा. हे स्वातंत्र्य कुणी जाहीरनामा काढून दिलं नव्हतं, ते पत्र्याच्या एका मापातून आलं होतं. अर्थात जे तुम्हाला सहज काढता येतं ते चोरालाही येतं. म्हणून मग समोरची पट्टी काढून खिशात घालायचे टेप आले, बॅटरी सुटली की चार आकडी कोड मागणारे टेप आले. लग्नात सूटच्या खिशात टेपची पट्टी घेऊन फिरणारे काका नव्वदीत वाढलेल्या कुणालाही आठवतील.

तर आमच्या घरातली तीन मतं अशी होती. आजीला आजोबांचा रेडिओ परत बसलेला हवा होता. बाबांना कॅसेट वाजणारा टेप हवा होता, कारण त्यांच्या दीडशे कॅसेटी अजून आहेत आणि त्यातल्या निम्म्या कुठल्याच ॲपवर नाहीत. मला फोनवरची गाणी हवी होती. इंटरनेटवर यावर एक लोकप्रिय तोडगा मिळतो: जुन्या रेडिओचं पोट साफ करायचं, दर्शनी भाग ठेवायचा आणि आत ब्लूटूथचा छोटा ॲम्प्लिफायर घालायचा. बाहेरून १९८४, आतून आजचं. व्हिडिओत फार छान दिसतं. मी ते करायचं नाही असं ठरवलं. कारण पोट साफ करायचं म्हणजे त्या कांड्या, तो दांडा, त्या पाच पकडी भंगारात टाकायच्या. बटणं उरतील, पण ती दाबल्यावर कुठे जाणार नाहीत.

बाबांचा १९९४चा टेप केव्हाच कुणीतरी काढून नेला होता, त्यामुळे आयत रिकामा होता. मग मी जुन्या बाजारात फिरले. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे गाड्यांतून उपटलेले टेप ढिगाने मिळतात. पण घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या कुणी सांगत नाही. एक, जपानी गाडीतला टेप दिसायला सर्वांत देखणा असतो, पण जुन्या जपानी सेटचा एफएम पट्टा ७६पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच. आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या पुढे. ९१.१, ९३.५, ९८.३ यातलं काहीही त्याला ऐकू येणार नाही. दोन, अमेरिकेतून आलेला सेट मीडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो आणि आपल्याकडे पायरी ९ची. ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८. अमेरिकन सेट ७९०वर थांबतो, मग थेट ८००वर उडी मारतो. एफएमवरही तो फक्त विषम दशांशांवर थांबतो, म्हणजे पुण्याच्या विविध भारतीचं १०१.० त्याच्या दोन पायऱ्यांच्या मधे हुकतं. एखाद्या यंत्राचा देश ओळखायचा असेल तर त्याचा शिक्का बघू नका, त्याला कुठली स्टेशनं ऐकू येत नाहीत ते बघा.

मी घेतला तो २०००च्या सुमाराच्या, इथेच बनलेल्या एका छोट्या गाडीतला टेप. कंपनी फिटेड. साडेतीनशे रुपये. मागचा प्लग विकणाऱ्याने कापूनच टाकला होता, नुसत्या वायरींचा झुपका. बाजारात मिळणाऱ्या सेटना वायरींच्या रंगांचा एक सर्वमान्य संकेत आहे: पिवळी कायमची बॅटरी, लाल किल्लीवरची, काळी अर्थ, आणि स्पीकरना पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी अशा जोड्या. पण कंपनी फिटेड सेटवर तो भरवसा ठेवता येत नाही, प्रत्येक कंपनीचे आपापले रंग. मग झाकण उघडून, आतल्या ॲम्प्लिफायर आयसीचा नंबर वाचून, तिच्या कुठल्या पायातून कुठली वायर निघते हे मीटरने शोधत बसायचं. दोन संध्याकाळी गेल्या.

सर्वांत महत्त्वाचं काम मात्र टेपमध्ये नव्हतं, गाडीत होतं. काकांनी मागचं सीट काढून स्पीकरकडे गेलेली एकच वायर दाखवली आणि विचारलं, "दुसरी कुठंय, सांग पोरी." दुसरी नव्हतीच. जुन्या रेडिओंच्या काळात स्पीकरला एक वायर यायची आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं. पत्रा हीच परतीची वायर. तेव्हा ते बरोबरच होतं. पण १२ व्होल्टमध्ये त्या जोडणीतून ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम चार-पाच वॉट मिळतात. म्हणून नंतरच्या टेपमध्ये प्रत्येक स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर लावले. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि तेवढ्याच बॅटरीतून जवळपास चौपट ताकद निघते. या जोडणीत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एक पत्र्याला लागली की आयसी गेली. म्हणजे जुन्या गाडीत नवा टेप जोडताना, जिथे जुनी वायर आहे तिथेच नवी जोडली, तर जुन्या माणसाचं बरोबर असलेलं कामच नव्या टेपला जाळतं. आम्ही प्रत्येक स्पीकरला दोन-दोन वायरी नव्याने ओढल्या. पायपुसण्याखालून, दाराच्या उंबऱ्याला लागून, मागच्या फळीपर्यंत.

फोनची सोय टेपच्या आतच केली. टेपच्या हेडवरून येणारा सिग्नल अगदी बारीक, तो थोडा मोठा होऊन पुढे आवाज कमी-जास्त करणाऱ्या आयसीकडे जातो. या दोहोंच्या मधे एक छोटा खटका बसवला: एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला फोन. फोनचा सिग्नल कॅसेटपेक्षा जोरकस असतो म्हणून दोन-दोन रेझिस्टर लावून तो खाली आणला आणि कंडेन्सरमधून आत सोडला. तीन तासांचं काम, त्यातला अडीच तास जागा शोधण्यात. ब्लूटूथच्या स्वस्त चकतीला मात्र एक खोड असते. तिचा वीजपुरवठा आणि आवाज दोघांचं अर्थिंग एकच असल्याने फोन जोडला की टिरटिर आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे तिला वेगळा, मधे ट्रान्सफॉर्मर असलेला ५ व्होल्टचा चिमुकला पुरवठा द्यायचा. काकांना हे नवीन होतं. त्यांनी तो ठोकळा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "म्हणजे व्हायब्रेटरच की." खरंच होतं ते. प्रवाह तोडायचा, ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे न्यायचा. फक्त आता शंभर वेळा नाही, लाखाच्या हिशेबात.

कॅसेटचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. स्पिरिटने पुसून नवा घातला. बाबांनी पहिली कॅसेट लावली ती दोन्ही बाजू संपेपर्यंत काढली नाही.

हे चालू असताना मी आजच्या गाड्यांकडे बघत होते. मैत्रिणीच्या नव्या गाडीत डॅशबोर्डभर पडदा आहे. गाणी त्यात, एसी त्यात, मागचा कॅमेरा त्यात, गाडीच्या सेटिंगही त्यात. तो पडदा खराब झाला तेव्हा बाहेरच्या कुणी हात लावायला नकार दिला, कारण नवा पडदा गाडीच्या संगणकाशी जुळवावा लागतो आणि ते यंत्र फक्त अधिकृत सेंटरकडे. बिलाचा आकडा ऐकून तिने दोन महिने फोनच डॅशबोर्डवर टेकवून काम चालवलं. अमेरिकेत तर कंपन्या एएम रेडिओच काढून टाकायला निघाल्या. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरची खरखर एएमवर येते हे त्यांचं कारण. म्हणजे १९३० सालचं दुखणं परत आलं, फक्त या वेळी गाडी गप्प करण्याऐवजी रेडिओच काढायचा. फोर्डने २०२३ साली तसा निर्णय घेतला आणि संकटाच्या वेळी सूचना एएमवरून मिळतात म्हणून ओरड झाल्यावर मागे घेतला. खरखरीवर उपाय नाही असं नाही. गॅल्व्हिनच्या फिटरांनी तो शोधलाच होता. तो करायला पैसे आणि वेळ लागतो, एवढंच.

काकांकडे आता महिन्याला दोन-तीन गाड्या येतात, त्याही हॉर्न आणि हेडलाइटसाठी. मुलगा मोबाइल दुरुस्ती करतो. पन्नास वर्षांत किती गाड्यांत रेडिओ-टेप बसवले असतील असं विचारलं तर ते हसले आणि नाना पेठेच्या रस्त्याकडे हात केला. त्यांनी डाग दिलेला सांधा मी ओढून बघितला आहे, हलत नाही.

आजोबांच्या रेडिओचं काय, तर त्यातले सुकलेले चार कंडेन्सर बदलले. बाकी कशालाही हात लावला नाही. तो डॅशबोर्डखाली, हँडब्रेकच्या डाव्या बाजूला पट्टीवर टांगला आहे. एकेकाळी भोक कापायची हिंमत नसलेले लोक असाच टांगायचे. त्याला त्याचा स्वतःचा एक स्पीकर आहे आणि काकांच्या हट्टामुळे स्वतंत्र फ्यूज. पहिलं बटण दाबलं की पुणे लागतं. दुसऱ्या बटणावर ५५८, मुंबई, रात्री जास्त स्वच्छ. पाचव्या बटणावर काटा जिथे थांबतो तिथे आता नुसती खरखर आहे. ते बटण बदलून दुसरं काही लावून देऊ का, असं आजीला विचारलं. नको म्हणाली.

दिवे घाटात ७९२ शेवटपर्यंत लागतं, वळणावर थोडं खोल जातं आणि परत वर येतं. प्लगच्या वायरी बदलल्यापासून इंजिनाची कटकट गेली आहे. वायपरची मोटर मात्र अजून ऐकू येते, पाऊस असला की बातम्यांमागे सारखी घरघर. काका म्हणतात मोटरच्या तोंडाशीच कंडेन्सर लावावा लागेल आणि त्यासाठी वायपरची सगळी दांडीकाठी खोलायला हवी. आषाढाच्या आधी ते करायचं आहे.